नैराश्यावरील औषध आणि माणसाचा स्वभाव

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली म्हणजे वर्धा जिल्ह्यांतल्या एखाद्या खेड्यांतून, आर्वीकडून म्हणा कीं समुद्रपूरकडून, एखादा शेतकरी आपल्या बायकोसह सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत येतो. तीन महिन्यांपूर्वीं तो अंथरुणांतून उठत नव्हता. जेवणावरची त्याची वासना उडाली होती. पहाटे तीन वाजतां जाग आली कीं तो आढ्याकडे पाहत तसाच पडून राही. डॉक्टरांनीं नैराश्याचा विकार ओळखून गोळी सुरू केली. आतां तो शेतांत जातो, जेवतो, झोंपतो. डॉक्टर समाधानानें विचारतात, "कसं काय, आता बरं आहे ना?" आणि उत्तर बायको देते, "बरे आहेत जी. पण माणूस बदलला. ह्यायले आता राग येत नाही, न हासूही येत नाही. पोरीची पाठवणी झाली तं डोळ्यात टिपूस नाही आला."

अशीं उत्तरें मानसरोगाच्या दवाखान्यांत नेहमीं ऐकूं येतात. त्यांतील तक्रार खरी असते आणि तिचा अर्थ मात्र एकच नसतो. औषध घेणाऱ्या माणसाचा स्वभाव पालटला असें घरच्यांना वाटतें, तेव्हां त्या पालटाचीं चार निरनिराळीं कारणें असूं शकतात. रोग हटून मूळचा माणूस परत आलेला असेल. औषधानेंच भावना बोथट केल्या असतील. औषधानें मन भलतेंच चेतविलें असेल. किंवा गोळ्या मधेंच थांबविल्यामुळें शरीर बिथरलें असेल. चारहि वेळां घरचीं माणसें "स्वभाव बदलला" हे एकच दोन शब्द उच्चारतात. पण उपाय मात्र चारहि वेळां निराळा असतो, आणि एका प्रकारांत तर दिरंगाई जिवावर बेतते.

वर्धा जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ वैद्यकाच्या ग्रंथांतला राहिलेला नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाला जी मदत जाहीर केली, तिच्या यादींत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम यांच्याबरोबर वर्ध्याचेंहि नांव होतें. कर्ज, पाऊस आणि कापसाचा भाव हीं कारणें सर्वांना दिसतात व तीं खरींहि आहेत. कोणतीहि गोळी कर्ज फेडीत नाहीं. परंतु तेंच कर्ज असलेले दोन शेजारी असतात आणि त्यांतला एकच अन्नपाणी टाकून भिंतीकडे तोंड करून पडतो, तेव्हां कर्जाखेरीज त्याला आणखी कांहीं तरी झालेलें असतें. हें ओळखून अमरावती व वर्धा या दोन जिल्ह्यांतील ३० खेड्यांत "विश्राम" नांवाचा उपक्रम चालविण्यांत आला. गांवपातळीवरच्या कार्यकर्त्यांनीं लोकांना नैराश्य आणि दारूचें व्यसन यांची ओळख करून दिली, धीर दिला, आणि ज्यांना जरूर होती त्यांना डॉक्टरांकडे धाडलें. २०१७ सालीं "लॅन्सेट सायकियाट्री" या वैद्यकीय पत्रांत त्याचें फलित प्रसिद्ध झालें. आरंभीं नैराश्यानें पीडित अशा शंभरांतून जेमतेम ४ जणांनीं उपचारासाठीं कोणाची भेट घेतली होती. पुढें तें प्रमाण २७ वर गेलें. राज्य शासनानेंहि २०१५ सालीं वर्धा धरून १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठीं "प्रेरणा" हा समुपदेशनाचा प्रकल्प सुरू केला. पूर्वीं गोळी हातींच येत नव्हती, आतां येऊं लागली. आणि हातीं आलेली गोळी पचविण्याचा प्रश्न त्यामागोमाग आला.

खेड्यांत या औषधाला "टेन्शनची गोळी" म्हणतात, कोणी "झोंपेची गोळी" म्हणतात. दोन्ही नांवें फसवीं आहेत. झोंपेची गोळी घेतल्या रात्रीं काम करते. नैराश्यावरील गोळीचा गुण दिसूं लागण्यास दोन आठवडे तरी लागतात, पुष्कळदां चार ते सहा. उलट तिचे उपद्रव पहिल्या दोन-चार दिवसांतच जाणवतात. म्हणजे पहिल्या पंधरवड्यांत रोग्याच्या पदरीं त्रास तेवढा पडतो, गुण कांहींच नाहीं. पुष्कळ गोळ्या फडताळांत पडून राहतात त्या याच पंधरवड्यांत. डॉक्टरानें हें आधीं सांगितलें तर रोगी तग धरतो. न सांगितलें तर औषध आपल्याला "लागू पडत नाहीं" असें तो प्रामाणिकपणें मानतो.

या औषधांचा जन्म मोठा आकस्मिक आहे, आणि तो कळला म्हणजे त्यांच्या गुणावगुणांचें मर्म उमगतें. सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी वनस्पति. तिचा उन्मादावर व रक्तदाबावर होणारा परिणाम १९३१ सालीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं नोंदविला. पुढें मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटनमधील हृदयरोगाच्या पत्रांत तिचा रक्तदाबावरील गुण सप्रमाण मांडला, तेव्हां पाश्चात्यांचें लक्ष तिकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्या मुळांतून "रेसर्पिन" हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांचा रक्तदाब उतरला, पण त्याबरोबर मनहि उतरलें, असें डॉक्टरांना आढळलें. हा संबंध तेव्हां वाटला तितका सरळ नाहीं असें पुढील परीक्षणांत दिसून आलें. तरी एका द्रव्यानें माणसाची वृत्ति पालटूं शकते ही कल्पना तेथून दृढ झाली. नेमक्या त्याच १९५२ सालीं न्यूयॉर्क शहरांतल्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयाच्या रोग्यांवर "इप्रोनियाझिड" या नव्या औषधाचा प्रयोग चालला होता. मरणाच्या दारांत असलेले रोगी उल्हसित झाले, भराभर जेवूं लागले, कांहीं तर वॉर्डांत नाचूं लागले. सर्पगंधेचाच अभ्यास केलेले न्यूयॉर्कचे मनोवैद्य नेथन क्लाईन यांनीं १९५७ सालीं हें औषध नैराश्यावर उपयोगी पडतें असें जाहीर केलें. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडचे रोलांड कून यांनीं "इमिप्रामिन" या दुसऱ्या औषधाचा तसाच गुण प्रसिद्ध केला. तें मुळांत निराळ्याच मानसरोगासाठीं तपासलें जात होतें. डॉ. वकील आणि क्लाईन या दोघांनाहि १९५७ सालचें लास्कर पारितोषिक मिळालें. क्षयाच्या औषधाचा जो उपद्रव, तोच नैराश्याच्या औषधाचा गुण ठरला. तेव्हां स्वभावावरील परिणाम हा या औषधांना मागाहून चिकटलेला दोष नव्हे, त्यांचा शोधच त्यावरून लागला.

आज जीं औषधें अधिक वापरांत आहेत, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम वगैरे, तीं मेंदूंतील सेरोटोनिन नांवाच्या द्रव्यावर काम करतात. एका मज्जापेशीनें सोडलेलें सेरोटोनिन पुन्हां तिच्यांतच ओढलें जातें. ती ओढ हीं औषधें रोखतात, आणि दोन पेशींमधल्या फटींत तें अधिक काळ रेंगाळतें. ही क्रिया कांहीं तासांत घडते, मग गुण येण्यास आठवडे कां लागतात? मेंदू आपली घडी हळूहळू बदलतो असें यावर सांगतात. पण नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनचा तुटवडा, ही मात्र फार ढोबळ समजूत आहे आणि ती आतां टिकत नाहीं. औषध उपयोगी पडतें एवढें पक्कें आहे. २०१८ सालीं २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, एकूण १,१६,४७७ माणसांच्या, एकत्र तपासण्यांत आल्या. सगळीं २१ औषधें पोकळ गोळीपेक्षां सरस ठरलीं. ही सरसी सरासरीनें माफकच होती, हेंहि त्याबरोबर सांगितलें पाहिजे.

आतां स्वभावाकडे वळावें. पहिला प्रकार सुखाचा. दीर्घ नैराश्यांत माणूस चिडखोर, एकलकोंडा, संशयी होतो, आणि वर्षें लोटलीं म्हणजे घरचेहि हाच त्याचा स्वभाव असें धरून चालतात. औषधानें तो पुन्हां चावडीवर बसूं लागला, हिशेब विचारूं लागला, सुनेच्या स्वयंपाकाला नांवें ठेवूं लागला, तर घरांत कुरबुर होते. हा मूळचा माणूस परत आलेला असतो; त्याच्या गैरहजेरींत घरानें आपली व्यवस्था लावून घेतलेली असते, इतकेंच. पण गोष्ट येथेंच थांबत नाहीं. अमेरिकेंत २४० रोग्यांवर झालेल्या आणि २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत पॅरॉक्सेटिन घेणारांची चिंताळू वृत्ति पुष्कळच कमी झाली आणि माणसांत मिसळण्याची वृत्ति वाढली. नैराश्य तितकेंच उतरलेले, पण पोकळ गोळी घेणारे रोगी शेजारीं ठेवून पाहिलें, तरी हा फरक कायम राहिला. म्हणजे औषध रोग हटवितें तेवढेंच नव्हे, स्वभावाच्या घडणीलाहि थोडा हात लावतें. अमेरिकन मनोवैद्य पीटर क्रेमर यांनीं १९९३ सालच्या "लिसनिंग टू प्रोझॅक" या पुस्तकांत याच प्रश्नाची चर्चा केली, व तेव्हां मोठी खळबळ उडाली. जन्मभर भित्रा असलेला माणूस धीट झाला, तर तो खरा कोण, पूर्वींचा कीं आतांचा? तत्त्वज्ञांना हा प्रश्न आवडतो. ज्याला सावकाराच्या दारांत उभें राहून चार शब्द बोलायचे आहेत त्याला तो फारसा सतावीत नाहीं.

दुसरा प्रकार म्हणजे आरंभीं सांगितलेल्या बाईची तक्रार. दुःख बोथट होतें, त्याबरोबर आनंदहि बोथट होतो. रोगी सांगतो, "वाईट वाटत नाही, पण काही वाटतच नाही." औषध घेणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्मे लोक कमीअधिक प्रमाणांत असा अनुभव सांगतात. तो रोगाचा शिल्लक राहिलेला अंश कीं औषधाचा परिणाम, हें ठरविणें सोपें नसतें; कारण नैराश्यांतहि भावना गोठतात. म्हणून केंब्रिज व कोपनहेगन येथील संशोधकांनीं निरोगी माणसेंच निवडलीं. ६६ जणांपैकीं कांहींना एस्सिटॅलोप्राम व बाकीच्यांना पोकळ गोळी कमींत कमी तीन आठवडे दिली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्यांचें लक्ष आणि स्मरण जसेंच्या तसें राहिलें. परंतु बक्षीस-शिक्षेच्या अनुभवावरून वागणूक पालटण्याची त्यांची क्षमता मंदावली. जेथें लाभ झाला तेथें मन पूर्वींसारखें ओढलें जाईना. भावना बोथटण्याचें एक मूळ येथें असावें असें त्यांना वाटतें.

यांत फरक करण्याची एक साधी खूण आहे. नैराश्यांतला माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो, आणि "मी कशाला जगतो" असें म्हणतो. औषधानें बोथटलेला माणूस दुःखी नसतो. तो कामाला जातो, जेवतो, पण बैलपोळा काय आणि एखादी मर्तिक काय, त्याला सारखेंच. अशा वेळीं डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा निराळ्या जातीचें औषध देतात, आणि पुष्कळदां हा परिणाम ओसरतो. मात्र त्यासाठीं कोणी तरी तो सांगावा लागतो. रोग्याला स्वतःला त्याची खंत नसते, आणि खंत नसणें हेंच तर त्याचें लक्षण! तेव्हां बायको, आई, भाऊ यांच्या साक्षीला येथें तपासणीइतकीच किंमत आहे.

तिसरा प्रकार धोक्याचा. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत माणूस अस्वस्थ होतो, एका जागीं बसवत नाहीं, पायांत वळवळ होते, झोंप उडते, क्षुल्लक कारणावरून अंगावर धांवून येतो. मन अजून खिन्नच आहे आणि अंगांत मात्र बळ आलें आहे, असा हा चमत्कारिक काळ असतो. तरुणांत तो विशेष जपावा लागतो. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००४ सालीं मुलें व किशोर यांच्याविषयीं या औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्यास लावलें. चाचण्यांमध्यें पोकळ गोळी घेणाऱ्यांत शेंकडा २ जणांच्या मनांत आत्मघाताचे विचार वा तशी कृति दिसली, तर औषध घेणाऱ्यांत शेंकडा ४ जणांच्या. त्या चाचण्यांत एकहि मुलगा दगावला नाहीं. २००७ सालीं हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागू करण्यांत आला. त्यापुढच्या वयांत असा वाढीव धोका आढळला नाहीं, आणि ६५ वर्षांपुढें तर तो घटलेला दिसला. नैराश्यावर उपचारच न करणें हें तरुणांना सुरक्षित, असा याचा अर्थ कोणी करूं नये. पहिला महिना घरच्यांनीं डोळ्यांत तेल घालून राहावें, फवारणीचीं औषधें कुलपांत ठेवावीं, गोळ्यांची पुडी एका जबाबदार माणसाच्या हातीं असावी, इतकाच त्याचा अर्थ. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या प्रमाणाबाहेर पोटांत गेल्यास हृदयाला घातक होतात. म्हणून अशा रोग्याला डॉक्टर एका वेळीं थोड्याच गोळ्या देतात. रात्रीं-अपरात्रीं रुग्णालय दूर असेल तर २०२२ सालच्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली शासनाची "टेलि-मानस" ही दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

याच प्रकाराचें दुसरें रूप आनंदाच्या वेषांत येतें, म्हणून तें अधिक फसवतें. पडून राहणारा माणूस एकाएकीं पहाटे दोनला उठून कामाला लागतो, दोन तासांच्या झोंपेवर ताजातवाना दिसतो, अखंड बोलतो, बाजारांत जाऊन ऐपतीबाहेरची बैलजोडी ठरवून येतो, गांवाला जेवण घालायचें म्हणतो. घरचे म्हणतात, काय गुण आला! वस्तुतः त्याचें नैराश्य साधें नसून उन्माद आणि विषाद आळीपाळीनें येणाऱ्या विकारांतलें असतें, आणि एकट्या नैराश्यावरील औषधानें मन दुसऱ्या टोंकाला झुकलेलें असतें. अशा माणसानें पूर्वीं कधीं असेंच उधाणलेले दिवस काढले होते काय, घराण्यांत कोणाला तसें झालें होतें काय, हें डॉक्टर पहिल्याच भेटींत विचारतात. त्या प्रश्नाला लाजून "नाही" म्हणण्याची रीत आहे. ती फार महाग पडते.

स्वभावाकडून शरीराकडे आलें कीं गोष्ट सोपी होते. सेरोटोनिनचा सुमारें नऊ-दशांश सांठा मेंदूंत नव्हे, आंतड्यांत असतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत मळमळ, पातळ जुलाब, पोटांत ढवळणें हे प्रकार होतात व बहुधा आपोआप थांबतात. गोळी जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. रक्त गोठविणाऱ्या कणिकांनाहि सेरोटोनिन लागतें. तेव्हां गुडघेदुखीसाठीं दुकानांतून आणलेली आयबुप्रोफेनची गोळी किंवा अस्पिरिन बरोबर घेतल्यास जठरांत रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. ट्रामाडोल या वेदनाशामकाबरोबर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, घाम व भ्रम असा गंभीर प्रकार होऊं शकतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर देतात तें लिनेझोलिड हेंहि याच कारणानें धोक्याचें. क्षयाच्या औषधांचें आणि मनाच्या औषधांचें इप्रोनियाझिडपासूनचें नातें असें अजून तुटलेलें नाहीं. क्षयाच्या डॉक्टराला मनाची गोळी आणि मनाच्या डॉक्टराला क्षयाची गोळी दाखवावी, तीहि रिकाम्या पाकिटासकट.

वैशाखांतला वर्ध्याचा उन्हाळा पारा ४५ अंशांपुढें नेतो. त्या दिवसांत जुन्या गोळ्या, म्हणजे इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन, घाम कमी करतात, तोंड कोरडें पाडतात, लघवी व शौच अडवितात. घाम न आल्यामुळें शेतांत राबणाऱ्याला ऊन लवकर बाधतें. नव्या गोळ्यांनीं उलट घाम अधिक येतो. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः रक्तदाबासाठीं लघवीचें औषध चालूं असेल तर, नव्या गोळ्यांनीं रक्तांतलें सोडियम उतरतें, आणि आजी एकाएकीं गोंधळून बोलूं लागते, नातवाला ओळखीत नाहीं. घरचे म्हणतात, म्हातारपण आलें. रक्ताची एक साधी तपासणी सांगते कीं गोळीचा परिणाम आहे.

दारूची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यांत १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि दारूबंदी आहे म्हणून दवाखान्यांत दारूविषयीं कोणी खरें बोलत नाहीं. मोहाची काय, हातभट्टीची काय, चोरून घेतलेली दारू गोळीबरोबर गुंगी वाढविते आणि नैराश्य खोल करते. डॉक्टर पोलीस नव्हे, एवढें रोग्याला पटलें तरी पुष्कळ झालें.

एक उपद्रव असा आहे कीं तो नवरा डॉक्टरला सांगत नाहीं, बायको सासूला सांगत नाहीं, आणि दोघें एकमेकांशींहि बोलत नाहींत. नव्या गोळ्यांनीं कामवासना मंदावते, समागमांत अडथळा येतो. हें थोड्यांना नव्हे, फार मोठ्या संख्येनें होतें. नवऱ्याला वाटतें आपलें पौरुष गेलें. बायकोला वाटतें त्याचें मन दुसरीकडे गेलें. गोळ्या परस्पर बंद होण्याचें हें एक मोठें आणि मुकें कारण आहे. मात्रा कमी करणें, औषध बदलणें हे उपाय बहुतेकांना पुरतात. क्वचित् हा त्रास औषध थांबविल्यावरहि राहतो, अशी नोंद युरोपच्या औषध-नियंत्रण संस्थेनें २०१९ सालीं औषधाच्या माहितीपत्रकांत करावयास लावली. म्हणून ही गोष्ट आधींच विचारण्याची जबाबदारी डॉक्टरची आहे, लाजणाऱ्या रोग्याची नव्हे.

उपद्रव आधीं सांगितल्यानें रोगी घाबरून पळतो, अशी एक भीति डॉक्टरांतहि आढळते. वर्धा जिल्ह्याला याबाबतींत एक जुना अनुभव आहे. दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरोग्यांची सेवा चाललेली. पुढें १९८० च्या दशकाच्या आरंभीं कुष्ठरोगावर तीन औषधें एकत्र देण्याची नवी पद्धति देशांत सुरू झाली, तेव्हां वर्धा हा त्या पहिल्या जिल्ह्यांपैकीं होता. त्या तिहींतलें क्लोफाझिमिन कातडी काळपट-तांबूस करतें, आणि ज्या रोगाची ओळखच कातडीवरून पटते त्यांत हें केवढें संकट! पण रंग औषधाचा आहे, तो औषध संपल्यावर महिन्यांनीं उतरतो, हें कार्यकर्ते घरोघर सांगत. आणि असे रोगी आपलें औषध पुरें करीत. मनाच्या गोळीचा रंग कातडीवर दिसत नाहीं, तेव्हां तेथें तर आधीं सांगण्याची गरज अधिकच.

राहिला चौथा प्रकार. पेरणी तोंडावर आली, सेवाग्राम किंवा सावंगीच्या फेरींत एक दिवसाची मजुरी बुडते, एस. टी. चें भाडें पडतें, आणि माणूस तर बरा दिसतो. म्हणून गोळ्या एका दिवसांत बंद होतात. दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यांत विजेचे झटके बसल्याचा भास, विचित्र स्वप्नें, रडूं आणि संताप हीं लक्षणें उठतात. घरचे म्हणतात, गोळीची चटक लागली. रोगी म्हणतो, रोग परतला. बहुधा दोन्ही चूक. दारूची वा अफूची असते तशी ओढ येथें नसते. शरीर जुळवून घेतलेल्या द्रव्याचा आधार एकदम काढून घेतल्याची ही प्रतिक्रिया असते. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनाप्रमाणें औषध थांबविणाऱ्यांपैकीं सुमारें शेंकडा ३१ जणांना अशी लक्षणें होतात. पण पोकळ गोळी थांबविणाऱ्यांतहि शेंकडा १७ जणांना होतात, आणि त्रास तीव्र होतो तो सुमारें ३५ जणांत एकाला. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन यांत तो अधिक. फ्लुओक्सेटिन शरीरांतून आठवडेच्या आठवडे हळूहळू निघून जातें म्हणून त्यांत सर्वांत कमी. थांबविल्यावर लगेच उठणारीं, झटक्यांसारखीं शारीरिक लक्षणें गोळीचीं. आणि आठवड्यां-महिन्यांनीं पावलापावलानें येणारी पहांटेची जाग व अन्नावरची अरुचि रोगाची, असा ठोकळ भेद करतां येतो.

औषध उतरविण्याचीहि एक रीत आहे आणि ती गणितानें समजते. सिटॅलोप्रामचे २० मिलिग्रॅम मेंदूंतील संबंधित जागांपैकीं सुमारें शेंकडा ८० जागा व्यापतात. पण ५ मिलिग्रॅमहि निम्म्याहून अधिक जागा व्यापतातच. म्हणजे २० वरून १० वर येणें सोपें, आणि ५ वरून शून्यावर येणें ही खरी उडी. या हिशेबानें शेवटच्या टप्प्यांत मात्रा अधिकाधिक बारीक करीत नेण्याची सूचना २०१९ पासून मान्यता पावत आहे. बरें वाटूं लागल्यावर निदान सहा महिने गोळी चालूं ठेवतात. वर्षानुवर्षें औषध घेणाऱ्यांच्या एका इंग्लिश चाचणींत, २०२१ सालीं, औषध चालूं ठेवणाऱ्यांपैकीं शेंकडा ३९ जणांना आणि सावकाश थांबविणाऱ्यांपैकीं शेंकडा ५६ जणांना वर्षभरांत रोग उलटला. हे दोन्ही आंकडे जवळ ठेवून पाहावे. थांबविल्यावरहि शंभरांत ४४ जण वर्षभर ठीक राहिले, आणि चालूं ठेवूनहि ३९ जणांना सुटका मिळाली नाहीं. तेव्हां गोळी जन्मभर कीं कांहीं काळ, याचें उत्तर माणूस पाहूनच देतां येतें.

आरंभींच्या त्या बाईची तक्रार डॉक्टरांनीं लिहून घेतली म्हणजे पुढें काय होतें? नवऱ्याला पूर्वीं कसा राग येत असे, तो कशाला हंसत असे, हें ते तिलाच विचारतात. मग मात्रा थोडी उतरवितात आणि पांच-सहा आठवड्यांनीं दोघांनीं बरोबर यावें असें सांगतात. नवरा एकटा आला तर अर्धीच हकीकत कळते. त्या फेरीला कधीं कधीं अशी बाई दारांतूनच सांगते, "परवा पोराच्या अंगावर लय ओरडले जी, बैलाले पाणी नाही दाखवलं म्हणून." आणि हें गाऱ्हाणें सांगतांना ती हंसत असते.